अंगचा वास

शेळीने पुन्हा ढुशी मारली. करडू भिंतीवर आपटलं, उठलं, पुन्हा तिच्याच पोटाखाली शिरलं.

त्याची आई काल विताना मेली. या शेळीचं करडू आज मेलेलंच जन्मलं. इकडे सड तटतटलेले, तिकडे पोट पाठीला लागलेलं; पण शेळी परक्याला जवळ घेईना. रीटा कालपासून बाटलीने पाजत होती. करडू बोंडलं धरी नि सोडून देई. आता त्याचे कान गार पडले होते.

"ठेव ती बाटली," हिल्डा सुनेवर खेकसली. "करडापेक्षा गाऊनलाच जास्त पाजलंस."

रीटाच्या अंगावरचा गाऊन कॅथरीनचा होता. हिल्डाच्या मुलाची, मर्विनची, पहिली बायको. गेल्या वर्षी गेली, मागे एवढीशी ब्रिटनी ठेवून. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधली रीटा लग्न होऊन या घरात आली, त्याच दिवशी हिल्डाने तिच्यापुढे कॅथरीनची बंद पेटी उघडली. गाऊन, पावडर, केसांचं तेल. "नवं कशाला? हेच वापर. पन कापडं धुवायची घाई करू नको." सासू चिकट आहे, एवढंच रीटाला वाटलं होतं.

हिल्डाने मेलेलं करडू केळीच्या पानावर घेतलं. सुरीने त्याचं कातडं सोललं आणि ओलंच जिवंत करडाच्या अंगावर बांधलं.

शेळी थबकली. हुंगलं. मग कातडं चाटू लागली. करडाने सड धरला.

"फसली!" रीटा हसली. "डोळे नाहीत का हिला?"

"डोळ्यांना कोन विचारतं? आई नि लेकरू वासानं जुळतात."

"मग कातडं काढायचं कधी?"

"वास मुरला की. घाई केली की परत ढुशी." हिल्डाने हात धुतले. गाऊनवरच्या दुधाच्या डागाकडे बघितलं. "त्याला पानी लावू नको. सुकू दे."

रीटाचं हसू थांबलं.

घरातून ब्रिटनी आली. रीटा दिसली की पाठ फिरवून रडणारी पोर. आज जवळ आली, गाऊनमध्ये नाक खुपसलं, डोळे मिटले.

"मम्मी."

रीटाने तोंड उघडलं.

"घे तिला," हिल्डा हळूच म्हणाली. "पन आवाज काढू नको."