तिसरा पुकारा

पेटी पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली.

अभिमननं सगळी बटणं दाबून पाहिली. बटणांची पट्टी टीव्हीच्या दिशेनं हिसकूनही पाहिली. पेटी ढिम्म. टीव्हीवरच्या त्या खेळातला टिकलीएवढा माणूस पेट्या पुढे ढकलू शकायचा, मागे ओढू शकायचा नाही. सहा पेट्या सहा खुणांवर नेऊन ठेवायच्या, एवढंच काम. पण चार तारखा झाल्या, अभिमन खेळातल्या याच खोलीत अडकून पडला होता.

तारखा म्हणजे कोर्टाच्या. शिरपूरकडच्या गावाहून धुळ्याला यायचं, कोर्टासमोर फुलचंदच्या दुकानात बसायचं, पुकारा झाला की पळायचं. फुलचंदनं टेलिफोनच्या बूथशेजारी टीव्ही मांडून व्हिडिओ गेम लावला होता, पोरांसाठी. दुपारी पोरं शाळेत. मग पक्षकार खेळायचे.

आज मात्र अभिमनचं बूड स्टुलावर ठरत नव्हतं. डोळे टीव्हीवर, कान रस्त्यापलीकडच्या कोर्टाच्या ओट्यावर. मागच्या तारखेला साहेबांनी बजावलं होतं, अकरा वर्षं झाली, आता आणखी तारीख नाही. जो हजर नसेल त्याच्याविरुद्ध निकाल. त्यात आज वकिलांचा संप. ज्यानं त्यानं आपापलं उभं राहायचं.

दावा बांधाचा. दोन हात रुंद, आणि वर तरोट्याशिवाय काही उगवत नाही. अभिमनचं म्हणणं, थोरल्यानं नांगर घालून कोरला. थोरल्याचं म्हणणं, धाकट्यानं. थोरला म्हणजे उखर्डू, सख्खा भाऊ. दोघं एकाच एस.टी.नं तारखेला यायचे. एक ड्रायव्हरच्या मागे बसायचा, एक पार शेवटच्या बाकावर. अकरा वर्षांत एकमेकांशी शब्द नाही. आई गेली तेव्हा खांदा दोघांनीही दिला, पण एकानं पुढून, एकानं मागून.

अभिमननं डाव पुन्हा मांडला. पहिली पेटी ढकलली. दुसरी ढकलली. तिसरीला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"ती पेटी नको ढकलू. भितले चिकटी जाई."

आवाज ओळखायला मान वळवावी लागली नाही. तंबाखूची पुडी घ्यायला आलेला उखर्डू पाठीशी उभा होता. अभिमननं पेटी ढकलली. पेटी भिंतीला चिकटली.

"निंघी," अभिमन टीव्हीला म्हणाला. "निंघी ती."

"काय निंघी? पहिली पेटी कोपरामा गई, तव्हयच डाव खलास. आते तू दिनभर ढकल."

"चार तारखा झाया ह्या डावले."

"मंग चार तारखापासून येडाच शे तू."

फुलचंद खो खो हसला. "नाना, बोलणं सोपं असतं. बसा, तुम्हीच करून दाखवा."

उखर्डू बाकावर टेकला. अभिमननं डाव पुन्हा मांडून पट्टी त्याच्याकडे सरकवली. उखर्डूच्या जाडजूड बोटाखाली दोन-दोन बटणं एकदम दबत होती. तरी पहिली पेटी खुणेवर गेली. दुसरीही गेली.

"वादी अभिमन सुकदेव! प्रतिवादी उखर्डू सुकदेव! हाजीर हो!" ओट्यावरून पट्टेवाल्यानं पुकारलं.

बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण कोर्टात अजून दोघांच्या पाठीशी तोच उभा राहायचा.

अभिमननं तिरक्या नजरेनं पाहिलं. उखर्डूचं नाक टीव्हीला टेकायचं बाकी होतं. जिभेचं टोक दातात, आणि टीव्हीची टुणटुण चाललेली. ह्याला ऐकूच गेलं नव्हतं.

अभिमनच्या पायाची बोटं स्टुलाखाली चपला शोधू लागली. रस्ता ओलांडायला वीस पावलं. 'चहा सांगून येतो' म्हटलं तरी पुरे. एकदा ओट्यासमोर उभं राहून 'हजर' म्हटलं, की बांध आपला. अकरा वर्षं सुटत नव्हतं ते वीस पावलांवर आलं होतं.

दुसरा पुकारा झाला. एक चप्पल पायात शिरली. अभिमन स्टुलावरून अर्धा उठला.

"अभ्या," पडद्यावरची नजर न काढता उखर्डू म्हणाला, "ही कथी लई जाऊ? वर का खाले?"

अभ्या. घरात असं म्हणणारी दोनच माणसं होती. त्यातली एक गेली.

अभिमननं पडद्याकडे पाहिलं. वरच्या अंगाला कोपरा होता. पेटी तिकडे गेली असती तर हाही डाव संपला असता.

"खाले," तो म्हणाला. "वर कोपरा शे, भाऊ."

आणि तो खाली बसला.

तिसरा पुकारा लांबलचक झाला. शेवटी शेवटी पट्टेवाल्याचा आवाज चिरकला. मग रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि काहीच ऐकू येईना.

पेटी खाली गेली. चौथी गेली, पाचवीही गेली. सहावी भिंतीला जाऊन चिकटली. "हात् तिच्या!" दोघं एकदमच म्हणाले.

थोड्या वेळानं पट्टेवाला चुना मागायला दुकानात आला आणि दारातच थबकला. "वा रे वा! तुम्ही इथं होय? मी तीनदा बोंबललो तिकडे! दोघंही गैरहजर, साहेबांनी दावाच काढून टाकला. बसा आता खेळत!"

तो चुना घेऊन गेला. फुलचंद उगाच फडक्यानं काउंटर पुसू लागला. अभिमन आपल्या एका चपलेकडे बघत राहिला. मग त्याला राहवेना.

"भाऊ, मी ऐकं व्हतं. पहिलाच पुकारा."

उखर्डूनं बटण दाबलं. सहाही पेट्या पुन्हा पहिल्या जागी आल्या.

"मी बी ऐकं," तो म्हणाला. "तू उठस का बठस, तेच मी देखी ऱ्हायंतू."