यादीतलं तिसरं नाव

आजाऱ्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद द्यायचं काम फादरांनी माझ्याकडे सोपवलं आणि हातात यादी ठेवली. तिसरं नाव माझ्या थोरल्या जावेचं होतं. विहिरीच्या पंपावरून भांडण झालं तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, आम्ही बोललो नव्हतो.

"हिच्याकडे दुसरं कुणी पाठवा," मी म्हटलं.

"दुसरं कुणी नाही," फादर म्हणाले.

रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर गळ्यात प्रसादाची डबी अडकवून मी तिच्या खाटेजवळ उभी राहिले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. या कामाच्या प्रशिक्षणात सगळं शिकवलं होतं, अशा वेळी काय करायचं तेवढं सोडून. घेणाऱ्याच्या तोंडून 'आमेन' ऐकल्याशिवाय प्रसाद देता येत नाही. मी डबी उघडली, प्रसादाची पातळ चकती उचलून धरली आणि ती देताना म्हणायचे शब्द म्हटले.

"ख्रिस्ताचे शरीर."

माझा हात भरून आला, पण मी तो खाली घेतला नाही. शेवटी ती वळली.

"आमेन," म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

प्रार्थना संपवून, डबी मिटून मी निघाले.

"प्रसादासाठी सकाळपासून उपाशी आहे मी," मागून आवाज आला. "चहा टाक. साखरेचा डबा जुन्याच जागी आहे."