वजा एक दिवस

आई राहायची त्या वृद्धाश्रमाची वेबसाइट तोच सांभाळायचा. कोणाला कोण कधी भेटून गेलं ते तिथे दिसायचं, आणि दूर परदेशातली ताई ते न चुकता बघायची.

रविवार त्याचा भेटीचा दिवस, पण ह्या रविवारी तो गेलाच नाही. नुसता कंटाळा केला. सोमवारी ऑफिसात बसून त्याने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: तारखेतून एक दिवस वजा. आता आजची भेट कालची म्हणून दिसणार होती. स्वतःची लाज वाटली, पण ताईची बोलणी खाण्यापेक्षा ती परवडली.

दुपारी तो आईच्या खोलीत शिरला.

"आज परत?" आई म्हणाली. "काल एवढा वेळ बसलास की."

"काल मी नव्हतो आलो, आई."

"वा रे! मग माझी नखं कोणी कापली?"

तिने हात पुढे केले. नखं अगदी निगुतीनं कापलेली होती. चादर बदलणारी नर्स हसली. "खरंच, किती मायेनं करत होतात तुम्ही काल!"

त्याची मान खाली गेली. त्याने आईचे हात धरले. तिने ते हळूच सोडवून घेतले.

"कालचाच बरा होता," ती नर्सला म्हणाली. "ह्याला जाऊ दे. त्याला आत घे, मघापासून दारात ताटकळलाय."