मऊ आवाज

पिकअप अर्ध्या सेल्फात सुरू झाली आणि गॅरेजमध्ये एकच गलका उठला. शालूबाईंनी बंपरपुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा शमशुद्दीन मिस्त्रींच्या हातावर ठेवला.

"काय मऊ चालतीया वो! नवी घेतली तवाबी अशी चालत नव्हती."

"पोरीनं बांधलीय," मिस्त्री म्हणाले. "इंजिन खोललं तिनं, भरलं तिनं, टायमिंगबी तिनंच लावलं. मी निस्ता खुर्चीवर बसून चा पीत हुतो."

हे त्यांचं सकाळपासून निम्म्या उद्यमनगराला सांगून झालं होतं. शेजारचा लेथवाला गुंडू तर ते तिसऱ्यांदा ऐकत होता, तरी "शाब्बास" म्हणाला. लेकीचं हे पहिलंच इंजिन. बापानं थोडं मिरवून घेतलं, तर कोण नाही म्हणणार?

आफशीन मात्र उघड्या बॉनेटपाशी मान तिरकी करून उभी होती. खोबरं हातातच होतं. मागं जाऊन ती सायलेन्सरचा धूर बघून आली आणि पुन्हा तशीच उभी राहिली.

शालूबाईंना घाई होती. जोतिबावर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. उद्या रविवार, म्हणजे आठवड्याचा सगळा धंदा एका दिवसात. माल शाहूपुरीत बांधून पडला होता आणि तो दिवस मावळायच्या आत डोंगरावर चढवायचा होता. त्यांनी दार उघडून एक पाय आत टाकलासुद्धा.

"मावशी, थांबा जरा," आफशीन म्हणाली आणि खिडकीतून हात घालून तिनं किल्ली फिरवली. गाडी बंद.

"का गं? काय झालं?"

"आवाज मऊ येतोय."

"तेच म्हणतीया की मी!"

"डिझेलचा एवढा मऊ येत नसतोय, मावशी. तेल उशिरा फवारतंय. धूरबी पांढरा हाय. पंपाची पुली एक दात मागं बसलीया. सपाटीला पळंल. पर केर्ली सोडून जोतिबाचा चढ लागला, की भरल्या गाडीला दम ऱ्हायचा न्हाई."

गुंडू खोबरं चावायचा थांबला. चालू झालेली गाडी, तीही नारळ फोडलेली, कुणी पुन्हा खोलतं का? शालूबाईंनी मिस्त्रींकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. शमशुद्दीन मिस्त्रींच्या कानापुढं या गल्लीत कुणाचं काही चालत नसे. पार कुरुंदवाडाहून माणसं गाड्या घेऊन यायची आणि बॉनेट न उघडता मिस्त्री सांगायचे, कुठला वॉल्व्ह बोलतोय ते.

मिस्त्रींनी लेकीकडं बघितलं. इंजिनाकडं नाही.

"खोल," ते म्हणाले.

या गॅरेजचा एक रिवाज आहे. टायमिंगचा पट्टा चढवला की इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, तिन्ही पुल्यांच्या खुणा पुन्हा बघायच्या, आणि मगच किल्ली. दोन खुणा समोर दिसतात. पंपाची तिसरी खालच्या अंगाला, आरसा धरल्याशिवाय दिसत नाही. आफशीननं कव्हर काढलं, फेरे दिले, आरसा धरला. खूण बरोबर एका दातानं मागं होती.

"दोनच बघितल्या मी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तिसरी बघितली न्हाई. चूक माझी हाय."

शालूबाई नारळ घेऊन डोक्याशी घाई करत उभ्या होत्या, असं ती सांगू शकली असती, आणि ते खरंही होतं. तिनं सांगितलं नाही. मला विचाराल तर निम्मं काम तिथंच झालं.

बाकीच्या निम्म्याला दोन तास लागले. पट्टा ढिला केला, पुली एक दात पुढं घेतली, ताण दिला, दोन फेरे, तीन खुणा. मग पहिल्यापासून पुन्हा दोन फेरे, तीन खुणा. तोवर शालूबाईंचे शाहूपुरीला तीन फोन झाले आणि प्रत्येक फोनला आवाज चढत गेला.

गाडी पुन्हा सुरू झाली. आता आवाज कडक येत होता, टणाटण. शालूबाईंचं तोंड उतरलं.

"ही तर खडखडतीया की! मगाशीच बरी हुती. मिस्त्री, तुमी सांगा. मगाशी बिघाड हुता का आता हाय? तुमाला ऐकू आलंच असंल."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. मिस्त्री खुर्चीवरून उठले, इंजिनापाशी आले, त्यावर तळहात ठेवला आणि काढून घेतला.

"मला मगाशीबी बरीच वाटली आणि आताबी बरीच वाटतीया," ते म्हणाले, गुंडूच्या लेथपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं. "बारीक आवाज मला आता ऐकू येत न्हाई, शालूबाई. वरीस झालं. तिला येतंय."

आफशीन बापाकडं बघतच राहिली. हे तिलाही माहीत नव्हतं.

शालूबाई गाडीत चढल्या, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून मोबाइल बाहेर काढला. मिस्त्रींकडं नाही, आफशीनकडं.

"पोरी, तुझा नंबर घाल ह्यात."