कायम झाल्याची मेल

मारियेट बेकरीचे तीन खोके हनुवटीखाली दाबून आत आली, तेव्हा योस्ट प्रोजेक्टरची वायर जोडत होता.

"ती वायर सरकव रे जरा," ती म्हणाली. "एक जर्दाळूची व्लाय आहे, एक चेरीची, एक तांदळाच्या खिरीची. जर्दाळूची आधी संपते, सांगून ठेवते."

योस्टने वायर सरकवली. इथे कुणी कायम झालं की त्याने सगळ्यांना व्लाय, ही इकडची गोड सारणाची गोल पाय, खिलवायची असते. चार वर्षांपूर्वी त्यानेही खिलवली होती. खोके पाहताच काय झालंय ते त्याला कळलं.

खोलीत आणखी आठ जण होते, सगळे करारावरचे. टोमॅटो आणि मिरच्यांच्या पेट्या परदेशी पाठवणाऱ्या या फेन्लो शहरातल्या कंपनीने त्यांना वर्षावर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. तीन वर्षं भरली की कंपनीने एक तर माणसाला कायम करायचं, नाहीतर घरी पाठवायचं. मारियेटचं तिसरं वर्ष महिनाअखेरीला भरत होतं.

सोमवारी करारावरच्या चाळीस जणांना मेल गेली होती : 'आपल्याला कायम करण्याचा निर्णय झाला आहे. खालच्या दुव्यावर आपली माहिती भरा.' मेल योस्टने लिहिली होती. कंपनीच्या संगणकांची सुरक्षा त्याच्याकडे होती, आणि लोक भामट्यांना फसतात का हे पाहायला दर तीन महिन्यांनी तो अशी एखादी खोटी मेल सोडायचा. पार्सल अडकलं, बँकेचं खातं गोठलं. असल्या थापांना हल्ली कुणी भुलेना. या वेळी त्याने आमिष बदललं. चाचणी फुटू नये म्हणून माहिती भरणाऱ्याला शेवटी एवढंच दिसेल अशी सोय केली : 'आभार. पुढचं बोलणं गुरुवारी दहा वाजता, वरच्या छोट्या खोलीत.'

नऊ जणांनी माहिती भरली. मारियेटने जन्मतारीख, नागरिक क्रमांक, बँक खातं, पासपोर्टचा फोटो, सगळं दिलं होतं.

"बसा ना, मारियेट," योस्ट म्हणाला. "आधी थोडं बोलायचंय."

"बोल की. कापता कापता ऐकते."

त्याने मेल पडद्यावर लावली. चार ठिकाणी लाल गोल केले होते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. सुरुवातीला नाव नाही, नुसतंच 'प्रिय सहकारी'. आज रात्रीपर्यंत भरा, अशी घाई. पासपोर्टची मागणी. एवढ्या माहितीवर कुणीही तुमच्या नावाने कर्ज काढू शकतो, घर भाड्याने घेऊ शकतो, असं तो म्हणाला. हे त्याने घरी दोनदा म्हणून पाहिलं होतं.

पहिला बोलला तो हाइन, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा.

"म्हणजे हे तू लिहिलंस."

"चाचणी होती. तुमच्याच सुरक्षेसाठी."

"भामट्याला निदान आपण भामटे आहोत एवढं तरी माहीत असतं, साहेब."

मारियेटची सुरी व्लायमध्ये अर्ध्यावर थांबली होती. तिने चष्मा लावला आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"ते जास्तीचं अक्षर मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"दिसलं होतं?"

"तुझी बँकेची मेल मीच पकडून दिली होती. पार्सलचीही. शाबासकी पाठवली होतीस तू." तिने सुरी बाहेर काढून पुसली. "या वेळी दिसलं, आणि म्हटलं, घाईत चुकलं असेल कुणाचं तरी. परत उघडून नाही बघितलं."

हाइनने आपली खुर्ची पडद्यापासून वळवली.

"चौपन्नाव्या वर्षी तुला कोण कायम करतंय, असं भाऊ म्हणाला होता," ती म्हणाली. "परवा त्याला फोन केला मी." मग तिने विचारलं, "खरी मेल कधी यायची?"

महिनाअखेरीला नोकरी संपणाऱ्या कुणाकुणाची संगणकावरची खाती बंद करायची, त्याची यादी योस्टकडे काल संध्याकाळी आली होती. तिचं नाव तिसरं होतं.

"ते एचआर कळवेल."

"तुला माहीत नाही?"

"मला सांगता येत नाही, मारियेट."

तिने त्याच्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं होतं तसंच, घाई न करता. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दार उघडलं. तिच्या विभागातले पाच जण ताटल्या घेऊन आले होते; सव्वादहाला या, असं तिनेच सांगून ठेवलं होतं. पुढे त्रूस होती, शेजारच्या टेबलावर बसणारी. योस्टने प्रोजेक्टर बंद केला.

"झालीस ना गं बाई एकदाची," त्रूस म्हणाली आणि तिने मारियेटच्या गालांचे तीन मुके घेतले. "मी म्हणत नव्हते? हिला काढलं तर पेट्या कुठल्या कुठे जातील, तिकडे पोलंडने मिरची मागवली की टोमॅटो पोचतील."

मारियेट काहीतरी बोलेल म्हणून योस्ट थांबला.

"या, आत या," ती म्हणाली. "दारात काय उभे राहता." आणि तिने पहिला तुकडा ताटलीत ठेवला.

हाइनने उठून आपली खुर्ची दिली. इथे अशा वेळी ज्याचं सुख त्या एकट्याचं अभिनंदन करून कुणी थांबत नाही, भोवतालच्या सगळ्यांचंही करतात. त्रूस रांगेने निघाली, एकेकाचा हात हातात घेत. "मारियेटबद्दल अभिनंदन. मारियेटबद्दल अभिनंदन." आठही जणांनी हात पुढे केले. हाइननेसुद्धा.

शेवटी ती योस्टपाशी आली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"मारियेटबद्दल तुझंही अभिनंदन हो."

मारियेट सुरी धरून त्याच्याकडे बघत होती.

"आभारी आहे," योस्ट म्हणाला.