आरशातला थवा

अमरावतीजवळच्या पक्षीउद्यानात सातच फ्लेमिंगो उरले होते. उडून जाऊ नयेत म्हणून पंख छाटलेले. शेकड्यांच्या थव्यात राहणारी ही पाखरं. सातांत त्यांचा जीव रमेना, धड खाईनात. शेवटी डॉक्टर नगमाने तळ्याकाठी मोठाले आरसे उभे केले. आपल्यासारखी आणखी पाखरं दिसली, तशी सगळी माना डोलवत चोची पाण्यात घालू लागली.

तळ्याकाठची झाडलोट करणाऱ्या कौशल्याबाई आठवडाभर ते बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "मॅडम, तो कोपरा फुटलेला आरसा मले द्या नं."

"कशाला हो मावशी? नटायचंय का?"

"आता कोनासाठी नटू, बाई! कपाशीले बोंडअळी लागली अन् दोन्ही पोट्टे पुन्याले कामाले गेले. वावर पिकत नाही, कोनी इकतही घेत नाही, अन् बुढा ते सोडून हालत नाही. घरात आमी दोघंच. चार दिस झाले, बुढा जेवून नाही राहिला."

संध्याकाळी कौशल्याबाईंनी आरसा भिंतीला टेकवला आणि त्याच्यासमोर दोन ताटं वाढली. त्यांचे यजमान नत्थुजी आरशातल्या म्हातारा-म्हातारीकडे बराच वेळ बघत बसले.



"म्हंजे आता आपन चौघं अडकलो म्हन इथं!" ते म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.