खिडकीजवळचा ठिपका

न्यू टाउनमधल्या त्या ऑफिसात एसीची नवी यंत्रणा मंजुषाने बसवली होती. अंगाच्या उबेवरून ती माणूस ओळखायची आणि पडद्यावर त्याचा ठिपका दाखवायची. खोलीत कुणी नसेल, तर एसी आपोआप बंद.

कोपऱ्यातल्या कुलूपबंद खोलीतला मात्र भर दुपारी सुरूच होता. पडद्यावर तिथे खिडकीजवळच्या खुर्चीत एक ठिपका होता.

"राहू द्या, दीदी," इमारतीची देखभाल पाहणारे प्रबीरदा म्हणाले. "तिथला एसी आम्ही कधीच बंद करत नाही."

"रिकाम्या खुर्चीचे असले लाड माझ्याकडे चालणार नाहीत!"

तिने सेन्सर बदलला, तरी ठिपका हलेना. तेव्हा किल्ली घेऊन ती तणतणत पुन्हा आत गेली, एसी हाताने बंद केला आणि दाराजवळच्या खुर्चीत ठाण मांडून बसली.

"प्रबीरदा, आता किती ठिपके?" तिने बाहेर पडद्यासमोर बसलेल्या प्रबीरदांना फोनवर विचारलं.

"दोन."

"ठीक आहे. बघूच आधी कोण उठतं ते!"

खोली तापत गेली. घामाने तिचा कुर्ता पाठीला चिकटला. समोरची खुर्ची रिकामीच होती.

"दीदी, आता एकच ठिपका आहे," फोनवर प्रबीरदा म्हणाले.

"बघा! हरलं की नाही?"

"दीदी, तुम्ही दाराजवळ बसलाय ना? ठिपका खिडकीजवळ आहे."

मंजुषाने खुर्ची मुद्दाम आणखी पुढे ओढली.

"असू दे! एसी बंदच राहणार," ती ठणकावून म्हणाली.

पलीकडे प्रबीरदा नुसतेच "हॅलो? हॅलो, दीदी?" करत राहिले.